मट्टांचेरीत चालताना: कोण आलं, कोण गेलं आणि चुलीवर काय राहिलं

कोचीला जाऊन आलेल्या आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येकाच्या फोनमध्ये चिनी जाळ्यांचा फोटो असतो, संध्याकाळचा, मागे लाल आकाश आणि पुढे पाण्यावर झुकलेली ती भली मोठी जाळी. फोटो सुंदरच येतो, प्रश्नच नाही. पण बहुतेक लोक तो फोटो काढतात, प्रिन्सेस स्ट्रीटवर कॉफी पितात, सेंट फ्रान्सिस चर्च बघतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुन्नार नाहीतर अलेप्पीच्या हाऊसबोटीकडे निघतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण तिथून रमतगमत चालत गेलं तरी तासाभरात मट्टांचेरी लागतं, आणि मला विचाराल तर कोचीचा जीव तिथे आहे, गोदामांत, देवळांच्या आवारात, बिर्याणीच्या डेगांत आणि लोकांच्या स्वयंपाकघरांत.

आम्ही खाणं आणि इतिहास अशी दोन्ही दाखवणारी एक वॉकिंग टूर घेतली होती, मी, नवरा आणि सासूबाई. आई वेंगुर्ल्याच्या, सत्तरी ओलांडलेल्या, पण चालायला कायम आमच्या पुढे. गाईड मट्टांचेरीतच वाढलेली, तिशीतली मुलगी. तिने सुरुवातीलाच जे केलं ते मला फार आवडलं. पोर्तुगीज आले, मग डच आले, मग इंग्रज आले ही साखळी लावायला तिने चक्क नकार दिला. म्हणाली ते सगळ्या पाट्यांवर लिहिलेलं आहे, तुम्ही वाचालच, मी तुम्हाला एवढंच सांगते की खाता खाता बघत चला, इथे आलं कोण, गेलं कोण आणि राहिलं कोण. नंतर दिवसभर माझ्या डोक्यात तेच तीन प्रश्न फिरत राहिले, आणि खरं सांगायचं तर अजूनही फिरतायत.

आधी बंदराचं. हे बंदर माणसांनी नाही, पुराने दिलं असं मानतात. १३४१ साली पेरियार नदीला महापूर आला, त्यात उत्तरेकडचं जुनं मुझिरिस, जिथे रोमन लोकांची जहाजं मिरी न्यायला यायची ते, गाळाने पार निकामी झालं आणि इकडे कोचीजवळ खाडीला समुद्राचं तोंड मोकळं झालं. एका गावाचं नशीब बुडालं तेव्हाच दुसऱ्याचं उघडलं. पुढे १४९८ मध्ये वास्को द गामा कोळीकोडजवळ, म्हणजे कालिकतजवळ, उतरला, पण तिथल्या सामुद्री राजाशी पोर्तुगीजांचं जमेना, आणि कोचीच्या राजाचं तर सामुद्रीशी आधीपासूनच वैर, त्यामुळे १५००च्या अखेरीस पोर्तुगीज जहाजं कोचीला आली तेव्हा राजाने त्यांना जवळ केलं. १५०३ मध्ये किल्ला. १६६३ मध्ये डचांनी तो घेतला, १७९५ मध्ये इंग्रजांनी. वास्को द गामा इथेच वारला, १५२४च्या नाताळच्या आदल्या दिवशी, आणि सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याला पुरलं. ते थडगं अजून दाखवतात, पण आत काही नाही, अस्थी पुढे पोर्तुगालला नेल्या. गाईडने तिथे आम्हाला फार वेळ उभं केलं नाही. हा गेलेल्यांच्या यादीतला, असं म्हणून ती पुढे चालायला लागली.

जाळ्यांजवळ मात्र तिने आम्हाला बराच वेळ थांबवलं, फोटोसाठी नाही, ती चालतात कशी ते बघायला. लांब लाकडी तुळई, एका टोकाला जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले एकाखाली एक मोठाले दगड. एक माणूस तुळईवरून चालत पुढे गेला की त्याच्या वजनाने जाळं पाण्यात उतरतं, थोडा वेळ ठेवायचं, मग मागचे चार-पाच जण दोर ओढतात आणि दगडांच्या भाराने जाळं वर येतं. आम्ही बघितलं तेव्हा एका खेपेला जेमतेम ओंजळभर मासळी आली, त्यात दोन खेकडे. पुन्हा उतरवलं, पुन्हा ओढलं. एवढ्या माणसांचं पोट या एका जाळ्यावर, आणि खाडीतली मासळी कमी होत चाललेली. बघायला येणारे वाढलेत आणि मासे घटलेत हे तिथल्या एका मच्छीमाराने शांतपणे सांगितलं, मला ते चटकन विसरता आलं नाही.

नाश्ता एका अगदी साध्या हॉटेलात, चार बाकडी, स्टीलच्या ताटल्या. कप्पा आणि मीन करी. कप्पा म्हणजे उकडून जरा घोटलेला कंद, वर खोबरं, हळद आणि हिरवी मिरची वाटून घातलेली. आईंनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला आणि म्हणाल्या, ह्याची चव मला माहीत आहे गो, पण कुठली ते आठवत नाही. मग गाईडने सांगितलं की हाच तो टॅपिओका, याचाच साबुदाणा होतो. आई एकदम हसायलाच लागल्या. आयुष्यभर एकादशीला जे खाल्लं तेच इथे लाल माशाच्या कालवणाबरोबर पुढ्यात! हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आला, आणि एकोणिसाव्या शतकात त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी त्याची लागवड वाढवली म्हणून गरिबाच्या ताटात पोचला. दुसऱ्या महायुद्धात बर्मा जपानने घेतल्यावर तिकडचा तांदूळ येणं बंद झालं, तेव्हा केरळमधल्या कित्येक घरांनी याच कप्प्यावर दिवस काढले. म्हातारी माणसं अजून ते सांगतात म्हणे. जे अन्न टंचाईत तगवतं त्याच्याबद्दल लोकांच्या मनात एक वेगळीच माया असते, त्या हॉटेलात सकाळी आठ वाजता कामावर जाणारे लोक ज्या समाधानाने ते खात होते त्यावरून कळत होतं.

आणि ते कालवण! मातीच्या भांड्यात, आदल्या दिवशीचं, कारण ते दुसऱ्या दिवशीच खरं लागतं. आंबटपणाला कुडंपुळी. हे आपल्या कोकमाच्याच कुळातलं फळ, पण कोकम लाल-जांभळं आणि आपण त्याची सालं उन्हात वाळवतो, हे पिवळं, आणि वाळवल्यावर धुरावर धरतात म्हणून काळंकुट्ट होतं आणि कालवणाला त्या धुराचा वास उतरतो. आईंनी एक फोड हातात घेऊन वास घेतला, दाताखाली धरून बघितली, आणि मग मालकिणीला खुणेनेच विचारलं किती घालता. तिने दोन बोटं दाखवली. भाषा दोघींना एकमेकींची काही येत नव्हती, पण एवढं काम झालं.

तिथून बाजार रोड. ज्यांना इतिहासाची आवड आहे त्यांनी फोर्ट कोचीतल्या एखाद्या कॅफेतला तास वाचवून इथे घालवावा असं मी आग्रहाने सांगेन. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना कौलारू गोदामं, हातगाड्या, पोत्यांच्या थप्प्या, आणि वास. आधी लसूण-कांदा, मग तांदूळ, मग एकदम सुंठ, मग मिरी. खाडीच्या बाजूच्या गोदामांना दोन दारं आहेत, एक रस्त्यावर आणि एक मागे पाण्यावर, आणि या मागच्या दारातच मट्टांचेरीचा सगळा हिशोब आहे. पूर्वी बंदराच्या तोंडाशी वाळूचा मोठा बांध होता, मोठी जहाजं आत येऊच शकायची नाहीत, ती बाहेर समुद्रात नांगर टाकून उभी राहायची आणि माल होड्यांतून इथल्या मागच्या दारांपर्यंत ये-जा करायचा. मग रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंग्रज इंजिनियरने १९२०पासून कित्येक वर्षं खपून तो बांध कापला, १९२८ मध्ये मोठं जहाज आत आलं, आणि उपसलेल्या गाळातून समोरचं विलिंग्डन बेट उभं राहिलं. जहाजं तिकडे लागायला लागली, आणि हळूहळू ही मागची दारं बंद होत गेली. आज काहींना कुलपं आहेत, काहींमध्ये आर्ट गॅलऱ्या झाल्यात. आणि ज्या हाऊसबोटींत राहायला आपण अलेप्पीला धावतो ना, त्या तांदूळ-मसाले वाहणाऱ्या केट्टुवळ्ळम होड्यांचंच नवं रूप. खिळा न वापरता काथ्याने शिवलेल्या होड्या. त्या आधी या दारांशी लागायच्या.

एका मिरीच्या व्यापाऱ्याकडे गाईड आत घेऊन गेली. मिरी काळी आणि गोल एवढंच मला माहीत होतं. त्याने एक लिटरचं माप काढलं, काठोकाठ मिरी भरली, वरून पट्टीने सपाट केली आणि वजनावर ठेवली. ५५० ग्रॅमच्या जवळपास भरली की माल भरीव, हलकी भरली की दाणा पोकळ. मग तळहातावर दोन मुठी टाकून दाखवल्या, एकीत दाणे टपोरे, जवळजवळ तुरीएवढे, ते तेल्लिचेरी ग्रेडचे, दुसरीत नेहमीचे मलबारचे. वेल तोच, दाणा जितका पिकू दिला आणि जितका मोठा चाळला तितका भाव. एक दाणा फोडून खायला दिला. तिखट तर होताच, पण मागून लिंबासारखा एक गंध आला जो माझ्या डब्यातल्या मिरीला कधीच आलेला नाही. या एवढ्याशा दाण्यासाठी माणसं पृथ्वीला वळसा घालून आली, लढाया केल्या, गावं जाळली. वसईच्या किल्ल्यात, रेवदंड्याला उभं राहिलं की पोर्तुगीज इथपर्यंत आले तरी कशाला असा प्रश्न लहानपणी पडायचा, त्याचं उत्तर तळहातावर धरून बघायला मिळालं.

जवळच ज्यू टाऊनमध्ये मिरीच्या वायदेबाजाराची इमारत आहे, ती संस्था १९५७ची. आत दलालांच्या फोनच्या छोट्या केबिन असायच्या आणि मधल्या हॉलमध्ये ओरडून बोली लागायची, जगभर मिरीचा भाव काय हे त्या गोंगाटाकडे कान लावून ठरायचं. संगणक आले आणि ओरडणं थांबलं.

ज्यू टाऊनच्या टोकाला परदेसी सिनेगॉग, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १५६८चं. जमिनीवर चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या हाताने रंगवलेल्या फरशा, एकीसारखी दुसरी नाही असं म्हणतात, आम्ही वाकून वाकून बघत होतो. पलीकडे भिंतीला लागून राजाचा वाडा आणि त्याचं देऊळ. राजवाड्याची घंटा आणि सिनेगॉगमधली प्रार्थना शेकडो वर्षं एकमेकांना ऐकू येत होती. आणि इथे आपला एक धागा आहे जो आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नसतो. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, अलिबागकडचे, तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणायचे ते, त्यांचा बाकीच्या ज्यू जगाशी संबंध तुटलेला होता. त्यांना प्रार्थना आणि विधी पुन्हा शिकवायला जे शिक्षक आले त्यांत कोचीचे ज्यू होते. इथून समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्यावर.

हे लोक राज्य करायला आलेले नव्हते. आसरा मिळाला, राहिले, राजाने देवळाशेजारी जागा दिली, मिरी विकली, पिढ्या काढल्या. आणि तरी गेले, १९४८ नंतर इस्राएलला, कोणी हाकललं नाही, स्वतःहून. आता परदेसी ज्यूंपैकी जवळजवळ कोणीच उरलेलं नाही. दुकानांच्या पाट्या आहेत, सिनेगॉग आहे, घरं आहेत, पण शुक्रवारी संध्याकाळी जी चूल पेटायची ती नाही. मला वाटत होतं की सत्तेने येतो तो जातो आणि गरजेपोटी येतो तो राहतो, असं सरळ आहे सगळं. या गल्लीत ते मोडतं. ज्यांना इथल्या लोकांनी कधी हाकललं नाही त्यांनाही दुसरीकडची ओढ लागू शकते. गाईडने याच्यावर काही भाष्य केलं नाही, तिच्या आजीच्या लहानपणीच्या मैत्रिणी याच घरांत राहायच्या एवढंच सांगितलं.

आणि मग चेर्लाई. टूरमध्ये हा भाग सगळ्यांसाठी नसतो, पण आई वेंगुर्ल्याच्या आहेत हे कळल्यावर गाईडने रस्ताच बदलला. मट्टांचेरीचा हा भाग कोंकणी लोकांचा, गौड सारस्वतांचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्यात देवळं पाडली, १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चची धर्मचौकशी, सुरू झालं, तेव्हा काही कुटुंबं देव घेऊन अंत्रुजेत, म्हणजे फोंड्याकडे, गेली, काही कारवार-मंगळूरकडे, आणि काही होड्यांतून थेट इथवर, कोचीच्या राजाच्या आसऱ्याला. तिरुमल देवस्वम म्हणून त्यांचं मोठं देऊळ आहे, वेंकटाचलपतीचं. इथेही सगळं सुखाचं नव्हतं. १७९१ मध्ये शक्तन तंपुरान राजाशी बिनसलं तेव्हा मूर्ती घेऊन लोकांना अलेप्पीकडे जावं लागलं आणि ती परत आली १८५३ मध्ये. म्हणजे देवासाठी एकदा गाव सोडलेल्यांवर देव घेऊन पुन्हा एकदा पळायची वेळ आली, आणि तरी परत येऊन ते इथेच राहिले.

याच वस्तीतल्या लोकांशी जोडलेली एक गोष्ट मराठी माणसाने माहीत करून घ्यावीच अशी आहे. डच गव्हर्नर व्हान रीडने मलबारच्या वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ करून घेतला, होर्टुस मलबारिकुस, १२ खंड, १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले. त्यातली वनस्पतींची माहिती मुख्यतः इट्टी अच्युदन नावाच्या मल्याळी वैद्याची, आणि त्याच्याबरोबर काम केलं तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यांनी, रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट. या तिघांचं १६७५चं प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात आहे, कोंकणीत आणि नागरी लिपीत. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर एका वर्षाने लिहिलेला नागरी मजकूर, ॲमस्टरडॅमच्या छापखान्यात, कोचीच्या वैद्यांच्या हातचा! त्यातली चित्रं नंतर मी मोबाईलवर बराच वेळ बघत बसले होते.

देवळाच्या आवाराबाहेर एका घरी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. घरच्या मावशी आईंच्याच वयाच्या. आई मालवणीत बोलल्या, मावशी त्यांच्या कोंकणीत, मध्ये मल्याळम पेरलेली, आणि पाच मिनिटांत दोघी स्वयंपाकघरात. आम्ही तिघं बाहेरच. दार उघडंच होतं म्हणून मला दिसत होतं. तुरीची डाळ शिजवून घोटलेली, पातळसर. कढल्यात खोबरेल तेल, मोहरी, सुकी मिरची, कढीपत्ता, आणि मग हिंग, चिमूटभर नाही, खड्याचा हिंग पाण्यात भिजवून केलेलं ते पांढरट पाणी चमच्याने. चर्र झालं आणि वास बाहेरच्या खोलीपर्यंत आला. दाळीतोय. कांदा नाही, लसूण नाही, मसाला नाही. आईंनी विचारलं तुम्ही गूळ घालत नाही? मावशी म्हणाल्या डाळीत गूळ कशाला! दोघी हसल्या. ताटात भात, दाळीतोय, अळूच्या पानांचं पत्रोडो, फणसाच्या पानांच्या द्रोणात उकडलेली इडली जिला त्या खोट्टो म्हणतात, आणि काजूची उपकरी. आईंच्या माहेरी ओल्या काजूची उसळ होते, त्यांनी ती उपकरी खाताना डोळे मिटले होते.

मावशींनी गोवा बघितलेला आहे, एकदा, कुलदेवाला, बसने गावातल्या सगळ्यांबरोबर. साडेचारशे वर्षांपूर्वी सोडलेल्या गावच्या देवाचं नाव घरात प्रत्येकाला माहीत. आई विचारत होत्या तिथे राहावंसं वाटलं का. मावशी म्हणाल्या, नाही, आमचं घर इथे.

संध्याकाळी, म्हणजे देऊळ-बिऊळ सगळं झाल्यावर, नवरा आणि मी बिर्याणी खायला परत आलो, आई खोलीवर झोपल्या होत्या. मट्टांचेरीत कच्छी मेमन आहेत, गुजराती आणि जैन आहेत, तमिळ वण्णान आहेत ज्यांच्या पूर्वजांना डच सैनिकांचे कपडे धुवायला आणलं असं सांगतात आणि जे वेळीच्या धोबीखान्यात अजून भाताच्या पेजेची खळ देऊन कपडे वाळत घालतात. एवढ्याशा जागेत. बिर्याणीला इथे बासमती नाही, कैमा नावाचा बारीक, बुटका, वासाचा तांदूळ, आपल्या आंबेमोहराची आठवण यावी असा. मटण हाडावरून सुटणारं, तिखट बेताचं, बाजूला खजुराचं लोणचं. वर सुलेमानी, म्हणजे लिंबू पिळलेला, वेलची घातलेला बिनदुधाचा चहा. डचांचं काय उरलं असं मी गाईडला सकाळी विचारलं होतं, तर ती म्हणाली ब्रुडर, एक गोडसर पाव, तो एखाद-दुसरी बेकरी नाताळच्या सुमारास अजून करते. एवढं मोठं ते डच साम्राज्य, आणि इथल्या लोकांच्या तोंडी उरला तो एक पाव.

जाणार असाल तर डिसेंबर ते फेब्रुवारीत जा आणि सकाळी लवकर सुरू करा, साडेदहानंतर दमट हवेत चालवत नाही. शुक्रवार-शनिवार टाळा, राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि सिनेगॉग शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी. एर्णाकुळमहून टॅक्सीने येऊ नका, बोटीने या, खाडीतून येताना विलिंग्डन बेट आणि गोदामांची ती मागची दारं दिसतात. मिरी विकत घेणार असाल तर ज्यू टाऊनच्या टुरिस्ट दुकानांतून नको, बाजार रोडवर घ्या आणि दाणा फोडून बघा. आणि टूर बुक करतानाच सांगा की आम्हाला चेर्लाईला जायचंय, कोंकणी जेवण जेवायचंय, आधी कळवलं तर सोय होते. बरोबर घरातलं कोणी वयस्कर, कोकणातलं असेल तर त्यांना न्याच.